अ‍ॅटलसमधली उधारी

"फोटो काढ म्हणतेय. पण तो तिला बघायला कधी मिळणार, असं विचारतेय."

गाइडने भाषांतर केलं आणि मी गडबडलेच. हातात कॅमेरा, समोर सत्तरीची आजी, तिच्यामागे मातीच्या भिंतीतलं निळं दार, आणि संध्याकाळचा उजेड असा की फोटोग्राफरने त्यावर जीव टाकावा! आजीने पैसे मागितले असते तर दिले असते. 'नको' म्हणाली असती तर सॉरी म्हणून पुढे गेले असते. पण 'कधी?' या प्रश्नाची माझी तयारीच नव्हती. मी पटकन बोलून गेले, "मुंबईला पोचले की लगेच पाठवते!"

ही गोष्ट मे २०२३ची, मोरोक्कोच्या हाय अ‍ॅटलस पर्वतातली. 'लगेच पाठवते' हे वाक्य आपण ऑफिसात दिवसातून किती वेळा फेकतो, ते जरा आठवून बघा. मीही तसंच फेकलं होतं.

पण मी मुळात तिथे गेले कशाला, ते आधी सांगते.

एक सिनेमा, दोन बहिणी

मास कॉमला असताना दुपारच्या लेक्चरला आम्हाला एक डॉक्युमेंटरी दाखवली होती. जेवणानंतरची वेळ, बंद एसी, अर्धा वर्ग पेंगत होता. सिनेमा होता 'हाउस इन द फील्ड्स'. २०१७ साली बर्लिनच्या फेस्टिव्हलमध्ये दाखवला गेलेला. मूळ नाव 'तिग्मी न इग्रेन', म्हणजे शेतातलं घर. दिग्दर्शिका ताला हदीद. ही मोरोक्कन-इराकी बाई फिल्ममेकर आहे आणि फोटोग्राफरही. या सिनेमाचा कॅमेराही तिनेच चालवलाय.

स्टोरी म्हणाल तर एवढीशी. हाय अ‍ॅटलसमधल्या एका गावातल्या दोन बहिणी. थोरलीचं लग्न ठरलंय. ज्याला ती धड ओळखत नाही, अशा मुलाशी लग्न करून तिला कॅसाब्लांकाला जायचंय. धाकटीला शिकून वकील व्हायचंय, आणि बहीण गेल्यावर आपलं कसं होणार, हा घोर तिला लागलाय. बास. बाकी मग बर्फ, भाकरी, शेतं, चुलीपाशी चाललेल्या गप्पा आणि शेवटी लग्न. मोरोक्कोत २००४ साली कौटुंबिक कायदा बदलला आणि मुलींचं लग्नाचं वय १८ झालं. मात्र न्यायाधीशाने परवानगी दिली तर त्याआधीही लग्न लावता येतं. हे सगळं आम्ही नंतर वाचलं. सिनेमा बघताना दिसत होत्या त्या फक्त दोन मुली, आपल्याच कुठल्याशा चुलतबहिणी असाव्यात अशा.

मला हलवून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. त्या सिनेमात कुणीही कॅमेऱ्यासमोर असल्यासारखं वागत नव्हतं. कॅमेरा इतका जवळ, की मुलीच्या गालावरची लव दिसावी, आणि तरी तिचं लक्ष दुसरीकडेच! सरांना विचारलं, "सर, हे जमतं कसं?" सर म्हणाले, "लेन्सने नाही जमत. ती बाई वर्षानुवर्षं त्या गावात जात-राहत होती." आमच्या डॉक्युमेंटरी असाइनमेंटला तेव्हा पंधरा दिवस मिळायचे. त्यातले दहा आम्ही कॅन्टीनमध्ये घालवायचो.

पुढे दोन वर्षं कंपन्यांची न्यूजलेटर्स लिहून पैसे साठवले आणि तिकीट काढलं. प्लॅन साधा होता. अ‍ॅटलसमध्ये जायचं, झकास फोटो काढायचे, फीचर विकायचं.

आपला 'बर्बर' आणि त्यांचा

माराकेशपासून इमलीलला शेअर टॅक्सीने दीड तास लागतो. टॅक्सीत मागे चार जण, त्यात एक कोंबडी घेऊन बसलेला. आस्नी आलं की एक रस्ता इमलीलकडे, म्हणजे ४,१६७ मीटर उंच तुबकाल शिखराच्या पायथ्याशी जातो. दुसरा तिझी-न-तेस्त खिंडीकडे वळतो. मी दुसरा धरला. ट्रेकर्सची गर्दी पहिल्या रस्त्याला असते.

रस्त्यावरच्या पाट्या बघून मजा वाटते. एकीकडे अरबी, एकीकडे फ्रेंच आणि मध्येच गोल, क्रॉस, काड्या अशा आकारांची एक लिपी. ती तिफिनाघ. इथल्या मूळ डोंगरी लोकांच्या भाषेची. या लोकांना जग 'बर्बर' म्हणतं. शब्द ओळखीचा वाटला ना? आपण बातमीत 'बर्बर हल्ला' लिहितो, तोच. ज्यांची बोली आपल्याला कळत नाही, जे नुसतं 'बर्-बर्' करतात असं वाटतं, त्यांना ग्रीकांनी दिलेलं हे नाव. संस्कृतातही 'बर्बर' आहेच. तिथून मराठीत येईपर्यंत त्याचा अर्थ पार क्रूर, रानटी असा होऊन बसला. माझ्या नोटबुकच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात 'बर्बर गाव' असं लिहिलं होतं. गाइडने अर्थ विचारला. मी सांगितला आणि सांगता सांगता जीभ चावली.

ते स्वतःला म्हणतात अमाझिघ, अनेकवचनी इमाझिघेन. 'स्वतंत्र माणसं' असा त्याचा अर्थ सांगतात. मोरोक्कोत पाव लोकसंख्या ही भाषा तिच्या वेगवेगळ्या रूपांत बोलते; माराकेशच्या दक्षिणेच्या डोंगरात त्यातली ताशेलहीत. पाणी म्हणजे अमान, भाकरी म्हणजे अग्रूम, डोंगर म्हणजे अद्रार. २००१ साली या भाषेसाठी सरकारी संस्था आली, २००३ साली तिफिनाघ लिपी स्वीकारली गेली, आणि २०११च्या राज्यघटनेत भाषेला अधिकृत दर्जा मिळाला. त्यांच्या नववर्षाची, येन्नायरची, पहिली सरकारी सुट्टी मिळायला मात्र जानेवारी २०२४ उजाडावं लागलं.

म्हणजे कालपर्यंत ज्यांची भाषा पाटीवरही नव्हती, त्यांचे फोटो मात्र जगभर होते.

डोंगराचे बरेच रोल

अ‍ॅटलस तुम्ही पाहिलाय. नक्की पाहिलाय, फक्त तुम्हाला माहीत नाही. 'ग्लॅडिएटर'मध्ये (२०००) पाहिलाय, 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये पाहिलाय. दोन्हीकडे दिसतं ते अ‍ॅटलसच्या पलीकडच्या उतारावरचं ऐत बेनहद्दू हे मातीच्या किल्ल्यासारखं गाव. स्कॉर्सेसीच्या 'कुंदुन'मध्ये (१९९७) तर अ‍ॅटलसने चक्क तिबेटचं काम केलंय. इमलीलच्या वर एक जुना कसबा आहे, तो त्या सिनेमात बौद्ध मठ झाला होता. उआरझाझात शहरात १९८३ पासून मोठा स्टुडिओ आहे, आणि आसपासची माणसं कधी रोमन सैनिक तर कधी इजिप्तचे गुलाम होऊन रोजंदारी कमावतात. अली एस्साफी या मोरोक्कन दिग्दर्शकाने २००१ साली या एक्स्ट्रांवरच 'उआरझाझात मूव्ही' नावाची डॉक्युमेंटरी केली. जगाचे सगळे रोल करून झाले, स्वतःचा राहिला, अशी ही गत.

आणि जिथे स्वतःचा रोल मिळाला, तिथे कसा मिळाला? मार्क गरांजे या फ्रेंच फोटोग्राफरचं काम आम्हाला अभ्यासाला होतं. साल १९६०, देश शेजारचा अल्जीरिया, स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं. गरांजे फ्रेंच सैन्यात सक्तीच्या भरतीतला जवान. त्याला हुकूम मिळाला की डोंगराळ भागातल्या गावकऱ्यांची ओळखपत्रं करायची आहेत, फोटो काढ. दहा दिवसांत त्याने सुमारे दोन हजार चेहरे टिपले. त्यात बायकांना बुरखे उतरवायला लावले. कबाइल, म्हणजे तिथल्या अमाझिघ बायकाही त्यांत होत्या. परक्या पुरुषासमोर त्या आयुष्यात पहिल्यांदा तशा बसल्या. ते फोटो बघवत नाहीत. एकेक बाई लेन्समध्ये अशी रोखून बघते, की कॅमेऱ्यामागच्याने मान खाली घालावी. गरांजेचाच या युद्धाला विरोध होता. १९८२ साली त्या फोटोंचं पुस्तक आलं. आणि २००४ मध्ये तो परत गेला, त्या बायका शोधत, त्यांचे फोटो घेऊन.

चव्वेचाळीस वर्षांनी! परीक्षेत मी यावर पाच मार्कांची टीप लिहिली होती. चांगले मार्क पडले होते.

दोन रात्री

गावाचं नाव मी लिहीत नाहीये. का, ते पुढे येईलच.

गाव उतारावर चढत गेलेलं, एकाचं छप्पर ते दुसऱ्याचं अंगण. खाली दगड, वर माती, छपराला लाकडाचे वासे आणि त्यावर पुन्हा मातीचा जाड थर. खाली ओढ्याकाठी अक्रोडाची झाडं, पायऱ्या-पायऱ्यांची जवाची शेतं, आणि त्यात पाणी खेळवणारे पाट. त्यांना 'तारगा' म्हणतात. कुणाच्या शेतात किती वेळ पाणी जाणार, ते ठरलेलं. त्यावरून भांडणंही ठरलेली. हे ऐकून मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं.

गाइड पंचविशीतला, याच गावचा. फुटबॉलची कॉमेंटरी ऐकून इंग्लिश शिकलेला, त्यामुळे साधं वाक्यही गोल झाल्याच्या थाटात बोलायचा. त्याने मला 'अगदाल'बद्दल सांगितलं. वरची कुरणं वर्षातले काही महिने पूर्ण बंद ठेवायची. कुणाचंच जनावर सोडायचं नाही. जवळच्या उकाइमदेनचं कुरण १५ मार्चला बंद होतं आणि १० ऑगस्टला उघडतं. गवताला फुलून बी धरायला वेळ मिळाला पाहिजे, म्हणून. ना कुंपण, ना वॉचमन; गावांनी मिळून पाळलेला नियम. "आधी गेलं तर काय होतं?" मी विचारलं. "दंड. आणि पुढच्या वर्षी गवत नाही."

मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि दोन दिवसांत सहाशे फोटो काढले.

त्यातला निळ्या दारातला आजीचा फोटो सगळ्यात भारी आला. आजीने डोक्याचा रुमाल नीट केला, हात मांडीवर ठेवले आणि सरळ माझ्याकडे बघितलं. क्लिक करताना डावीकडून कुणीतरी चहाचा ट्रे घेऊन फ्रेममध्ये शिरलं. अर्धा चेहरा, एक हात, किटली. च्च! पण आजीचे डोळे त्याच फ्रेममध्ये परफेक्ट होते. नंतर आम्ही चहा प्यायलो. साखरेचा पांढरा शंकू हातोडीने फोडून किटलीत टाकतात आणि धार एवढ्या उंचावरून धरतात की ग्लासात फेस यावा. ट्रे आणणारी आजीची जाऊ होती. भयंकर बोलकी. शाहरुख खान मला भेटतो का, हे तिने तीनदा विचारलं. मी मुंबईची, म्हणजे भेटतच असणार!

मुंबईत आल्यावर फीचर झालं. पानाला उभा फोटो हवा होता. मी डावी बाजू क्रॉप करून टाकली. आजी आणि निळं दार. खूप मेसेज आले, लाइक्सचा तर पाऊस. प्रिंट पाठवायची राहिली. पत्ता नीट नाही, कुरिअर पोचेल का, दिवाळीनंतर बघू...

रात्री ११ वाजून ११ मिनिटं

८ सप्टेंबर २०२३. मोरोक्कोत रात्रीचे ११ वाजून ११ मिनिटं झाली होती. ६.८ मॅग्निट्यूडचा भूकंप, केंद्र माराकेशच्या नैऋत्येला हाय अ‍ॅटलसमध्ये. जवळपास तीन हजार माणसं गेली. दगडमातीची घरं कोसळतात तेव्हा मधे पोकळी राहत नाही. माती सगळी जागा भरून टाकते.

सकाळी बातमी बघून गाइडला मेसेज टाकला. एकच टिक. दुसऱ्या दिवशीही एकच. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "फॅमिली ओके. व्हिलेज फिनिश्ड." आजीबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही.

त्या दिवसांत आई टीव्हीसमोरून हलत नव्हती. आईचं माहेर किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, तिचं गाव असंच गेलं. तशाच दगडी भिंती, तशीच मातीची जड धाबी. आई तेव्हा नवीन लग्न होऊन पुण्यात होती, म्हणून राहिली. तिच्याकडे माहेरच्यांचे फोटो आहेत, पण सगळे लातूरच्या स्टुडिओतले, मागे रंगवलेला पडदा आणि कुंडी. घराचा एकही नाही. "कोण काढतंय घराचा फोटो?" ती एवढंच म्हणाली, "तुमच्या आजोळचं दार कसलं होतं, ते आता मला नीट आठवतच नाही बघ."

मी आत जाऊन लॅपटॉप उघडला. निळं दार समोर होतं.

डावी बाजू

तरी जायला मे २०२५ उजाडला. पैसे, काम, व्हिसा, सगळी कारणं खरी होती. दादरच्या लॅबमधून बारा मोठ्या प्रिंट काढल्या आणि हँडबॅगमध्ये घातल्या.

रस्त्यावर जागोजागी डोंगर खरवडल्यासारखा दिसत होता. बाराव्या शतकातली तिनमेलची मशीद भूकंपात कोसळली होती, तिचं पुन्हा उभारणीचं काम चाललं होतं. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने १ लाख ४० हजार दिरहम, अंशतः पडलेल्याला ८० हजार जाहीर केले होते. काही घरं सिमेंटच्या ठोकळ्यांची उभी राहिली होती, काहींचे नुसते खांब. गाइडच्या गावात अजून पत्र्याच्या खोल्या होत्या.

आजी होती! पत्र्याच्या खोलीच्या दाराशी बसलेली. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. मी प्रिंट तिच्या हातात दिली. तिने आधी स्वतःकडे बघितलंच नाही. दारावरून बोट फिरवलं, मग चौकटीवरून, मग भिंतीतल्या कोनाड्यावरून. आजूबाजूच्या बायका जमल्या. कोनाड्यात काय असायचं, यावर जोरात चर्चा झाली. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होते.

मग आजीचं बोट डाव्या कडेला जाऊन थांबलं. तिथे किटलीची तोटी तेवढी उरली होती. क्रॉप करताना मला ती दिसलीच नव्हती.

आजीने काहीतरी विचारलं. गाइड गप्प. मी म्हटलं, "काय म्हणतेय?"

"चहा ती आणत होती ना, असं विचारतेय. ती कुठे गेली?"

जाऊ त्या रात्री गेली होती. तिचा फोटो कुणाकडेच नव्हता. एक होता, तो सरकारी ओळखपत्रावर, आणि ओळखपत्र घरासोबत मातीत गेलं होतं.

मला जे वाटलं ते इथे लिहून काही उपयोग नाही. ओरिजिनल फाइल क्लाउडवर होती. गावात नेटवर्क एकच काडी. गाइड मला वरच्या टेकाडावर घेऊन गेला, तिथे चाळीस मिनिटं फोन हातात धरून उभी राहिले. फाइल उतरली. फोनवर डावी बाजू उघडली. अर्धा चेहरा, एक हात, ट्रे. ती हसत होती. दोन वर्षांत मी ते कधी बघितलंच नव्हतं.

खाली येऊन आजीला दाखवलं. तिने फोन खूप वेळ परत दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या टॅक्सीने माराकेशला गेले. गेलीझ भागातल्या एका दुकानात पूर्ण फ्रेमची प्रिंट काढली, आडवी, काहीही न कापता. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ही कडेची बाई ब्लर आहे, काढून टाकू?" मी नको म्हटलं. संध्याकाळी परत गावात. या वेळी कुणाच्या हाती पाठवायचं नव्हतं.

आजीने प्रिंट रुमालात गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. "हा पेपरात नको," ती म्हणाली, "हा घरातला आहे." म्हणून या लेखासोबत तो फोटो नाही, आणि गावाचं नावही नाही.

ताला हदीदचा सिनेमा मी परत आल्यावर पुन्हा पाहिला. या वेळी मी कडेची माणसं बघत होते. दारातून जाणारी बाई, मागे चूल सारवणारी, भिंतीशी उभं असलेलं पोर. तिने त्यांना कापलेलं नाही. तेवढा वेळ ती तिथे राहिली होती, तिला त्यांची नावं ठाऊक असणार. मी दोन फेऱ्या मारल्या, सहाशे फोटो काढले, आणि मला एका जाऊचं नाव दोन वर्षांनी कळलं.

निघताना गाइड म्हणाला, "दोघी उभ्या राहा." आजीने रुमाल नीट केला, मी केस सारखे केले. त्याने त्याच्या फोनवर फोटो काढला आणि फोन खिशात टाकला.

"मला कधी पाठवशील?" मी विचारलं.

त्याने ते आजीला भाषांतर करून सांगितलं. आजी एवढी हसली, की तिला भिंतीचा, म्हणजे पत्र्याचा, आधार घ्यावा लागला.

जायचा विचार करताय?

कसं जाल : मुंबईहून आखाती शहरांमार्गे कॅसाब्लांका, तिथून ट्रेनने माराकेश. व्हिसा लागतो, तिकिटाआधी त्याचं बघा. माराकेशहून आस्नी-इमलीलसाठी शेअर टॅक्सी मिळतात.

कधी : एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. हिवाळ्यात वर बर्फ असतो. रमझानच्या तारखा बघून प्लॅन करा.

काय बघाल : जाण्याआधी 'हाउस इन द फील्ड्स'. गेल्यावर एका गावात किमान तीन रात्री. पाच गावं 'कव्हर' करू नका.

राहणं : गावातल्या 'जीत' म्हणजे साध्या घरगुती मुक्कामात. गाइड त्याच गावचा घ्या, पैसे तिथेच राहतात.

कॅमेरा : आधी विचारा. बायकांना तर नक्कीच. आणि 'पाठवते' म्हणालात, तर पाठवा. सोपा उपाय म्हणजे छोटा पोर्टेबल प्रिंटर बॅगेत टाका. मी आता टाकते.